कागदावरून फिरलेले डोळे

हे लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच सांगून टाकतो. ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांना लिहिता-वाचता येत नाही आणि मला येतं, एवढ्याच जोरावर मी बसलो आहे. याच जोरावर मी एकदा फार मोठी चूक केली होती. म्हणून लिहिताना हात जड होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नाही. लेख कसा लिहितात, कुठं सुरू करतात, हे मला कुणी शिकवलेलं नाही. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. ज्यांना हे पटणार नाही त्यांनी इथंच पान उलटलं तरी मला वाईट वाटणार नाही.

फवारणीचे दिवस परत आले आहेत. गेल्या रविवारी यवतमाळहून राळेगावला जाणाऱ्या एसटीत बसलो होतो. शहर मागं पडलं, दोन्ही बाजूंना कपाशी सुरू झाली आणि खिडकीतून तो वास आला. कुजलेल्या लसणासारखा, थोडा गोडसर, जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारा. पुढच्या बाकावरच्या दोन बायांनी पदर नाकाला लावला आणि बोलणं तसंच चालू ठेवलं. आमच्याकडं या वासाचं कुणाला नवल नाही. पोळा झाला की कपाशी छातीला लागते, फुलं धरतात. ही फुलं पहिल्या दिवशी पिवळसर असतात आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतात. एकाच झाडावर कालचं आणि आजचं फूल शेजारी शेजारी असतं. लहानपणी मला वाटायचं, फुलाला कशाची तरी लाज वाटली असेल.

चार वर्षं मी फवारणीच्या दिवसांत एसटीची खिडकी बंद करून, श्वास कोंडून बसत आलो. या वेळी खिडकी उघडी ठेवली. वास आत आला, मी श्वास चालू ठेवला. उजव्या खांद्यावर ओझं आलं नाही. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, थोडं. आणि लगेच वाटलं, तुला बरं वाटायचा काय हक्क आहे?

त्या खांद्याबद्दल सांगायचं तर देविदासकाकांबद्दल सांगावं लागेल.

देविदासकाका आमचे शेजारी. गावात फवारणीचं काम तेच करायचे. पंप त्यांच्या पाठीवर असा बसायचा की तो त्यांच्या अंगाचाच भाग वाटावा. जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला दुपट्टा आणि गालात खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून तळहातावर घोटत राहायचं, हे आमच्याकडं निम्म्या गावाचं काम. पण काकांइतकं मन लावून घोटणारा दुसरा मी पाहिला नाही. सुमनकाकू म्हणायच्या, माझ्याशी बोलले नसतील तेवढं हा माणूस त्या पन्नीशी बोलला असेल.

काका मला 'मास्तर' म्हणायचे. मी सातवीत होतो तेव्हापासून. गावात कुणाकडं लग्नपत्रिका आली, बँकेचं पत्र आलं, दवाखान्याची चिठ्ठी आली की काका म्हणायचे, आमच्या मास्तरले दाखवा. आणि मी दाराच्या उंबऱ्यावर बसून वाचून दाखवायचो. त्या वेळी मोठी माणसं माझ्या तोंडाकडं बघत गप्प बसायची. तशी शांतता मला दुसरीकडं कुठंच मिळाली नाही. वर्गात तर मी मागच्या बाकावरचा, प्रश्न विचारला की खाली बघणारा.

फवारणीच्या औषधाच्या बाटलीच्या गळ्याला एक घडीचा कागद बांधलेला असतो. तो कुणी वाचत नाही. रबर काढतात आणि कागद धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, फेकतात. काका फेकायचे नाहीत. ते बाटल्या ओळीनं मांडायचे, कागद उलगडून माझ्या हातात द्यायचे आणि उकिडवे बसून खर्रा घोटायचे. मी वाचून होईपर्यंत बूच काढायचे नाहीत. बाकीचे हसायचे. कागद वाचून अळी मरते का देविदास, असं विचारायचे. काका म्हणायचे, लिहिणाऱ्यानं उगाच लिहिलं असंल का?

सगळ्या गावात तो कागद मानणारा हा एकच माणूस होता. ही गोष्ट मला आज सगळ्यात जास्त टोचते.

तान्हा पोळा होऊन तीन-चार दिवस झाले होते. पोरांचे लाकडी बैल अजून ओसऱ्यांवर होते. मी अकरावीत, सतरा वर्षांचा. पाऊस उघडला होता आणि कपाशीवर अळी आणि तुडतुडे दोन्ही पडले होते. बाबांनी दोन बाटल्या आणल्या, एकीतलं औषध अळीसाठी, दुसरीतलं तुडतुड्यांसाठी. वेगवेगळं मारायचं तर दोन दिवस लागणार, आणि दुसऱ्या दिवशी काकांनी दुसऱ्याच्या वावरात यायचं कबूल केलेलं. बाबांना घाई होती. दोन्ही औषधं एकाच पाण्यात टाकावी असं त्यांच्या मनात होतं. पुष्कळ लोक तसंच करतात.

काकांनी कागद माझ्याकडं दिला. "पाह्य बरं मास्तर. दोन्ही एकात चालते का? काय म्हंते कागद?"

त्याच वेळी पूजा काकांचा डबा घेऊन धुऱ्यावर आली. पूजा काकांची मुलगी, माझ्याहून एक वर्ष मागं, राळेगावला माझ्याच शाळेत. तिचा इंग्रजी निबंध बाईंनी आमच्या वर्गात आणून वाचून दाखवला होता. तिला माझ्यापेक्षा इंग्रजी चांगलं येतं, हे मला ठाऊक होतं आणि तिलाही.

कागदाच्या एका बाजूला हिंदी होतं, मुंगीएवढ्या अक्षरात. ते मला वाचता आलं असतं. पाच मिनिटं लागली असती, बोट ठेवून वाचावं लागलं असतं. दुसऱ्या बाजूला इंग्रजी होतं. मी इंग्रजी बाजू वर धरली. पूजा बघत होती म्हणून.

एक अक्षर कळत नव्हतं. पण वाचणाऱ्या माणसाचे डोळे कसे दिसतात हे मला माहीत होतं. डावीकडून उजवीकडं जातात, मग थोडं खाली येतात, परत डावीकडून उजवीकडं. मी तसे डोळे फिरवले. सहा-सात ओळी फिरवले असतील. बाबा म्हणाले, "सांग ना बे लवकर, ऊन चढून राह्यलं."

मी म्हटलं, "चालते."

काकांनी मान डोलावली आणि बूच काढलं. तुऱ्हाटीची काडी घेऊन पाणी ढवळलं. पूजानं डबा झाडाखाली ठेवला आणि ती गेली. कागद मी खिशात घातला. रुबाबात.

नंतरचं मी शंभर वेळा आठवलं आहे आणि प्रत्येक वेळी ते आवाजापासून सुरू होतं. कपाशी उंच होती, काका दिसत नव्हते. फक्त पंपाचा दांडा खालीवर होण्याचा आवाज एका तासातून, म्हणजे झाडांच्या दोन ओळींमधल्या पट्ट्यातून, दुसऱ्या तासात जात होता. मग तो थांबला. मला वाटलं, पाणी संपलं असेल. बराच वेळ वाटलं, पाणी संपलं असेल.

काका तासात बसले होते, पंप पाठीवरच. तोंडातून लाळ गळत होती, अंग घामानं निथळत होतं. मला म्हणाले, "मास्तर, अंधार काहून पडून राह्यला?" तेव्हा दुपारचे बारा वाजले होते.

बाबांनी मोटरसायकल काढली. काकांना मध्ये बसवलं, मी मागून धरलं. त्यांचं डोकं माझ्या उजव्या खांद्यावर पडलं आणि राळेगाव येईपर्यंत तिथंच राहिलं. माझा शर्ट भिजला. तो वास त्या शर्टाला होता, माझ्या मानेला होता. राळेगावहून त्यांना यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांनी त्यांच्या पापण्या वर करून बॅटरी मारली. मी बाजूला उभा होतो. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

काका वाचले. पण दृष्टी पहिल्यासारखी आली नाही, आणि हात थरथरतो तो थरथरतोच.

चौकशीला एक साहेब आले होते. आमच्या ओसरीवर बसून त्यांनी विचारलं, कसं झालं. बाबांनी माझ्याकडं बघितलं. घरातला शिकलेला मी. मी म्हटलं, "काकांनी मधात खर्रा खाल्ला होता, हात न धुता."

हे खरं होतं. खोटं बोलण्यासाठी मला खोटं बोलावंही लागलं नाही. साहेबांनी लिहून घेतलं. गावानं मान्य केलं. महिनाभरात गावात हेच झालं होतं की देविदासला खर्ऱ्यानं खाल्लं. बाया आपल्या नवऱ्यांना त्यांचं उदाहरण देऊ लागल्या.

काकांनीही ते मानलं. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी खर्रा सोडला. नुसता सोडला नाही. वावरात जाणाऱ्या पोरांना थांबवून सांगायचे की बाप्पा हो, हे तोंडात घेऊन औषध मारू नका, माह्यं काय झालं पाहा. पंप विकून टाकला, चार शेळ्या घेतल्या. एकदा मी त्यांच्या समोरून जात होतो. त्यांना चेहरे नीट दिसत नाहीत, पण माझी चाल ओळखली. म्हणाले, "मास्तर, तू मनाले लावून घेऊ नको. तू तं बरोब्बर वाचलं होतं. माह्याच तोंडाची खोड."

मी काय केलं? मी म्हटलं, हाव काका. आणि पुढं गेलो.

बारावी झाल्यावर मी यवतमाळला कॉलेजात आलो. वसतिगृहात माझ्या खोलीत सलीम होता, बोरी अरबचा. त्याचे अब्बा फवारणीचे पंप दुरुस्त करतात. हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं आणि मी त्याच दिवशी दुसरी खोली मिळेल का म्हणून विचारून आलो. मिळाली नाही. आता वाटतं, बरं झालं.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर वसतिगृहात ढेकणांसाठी औषध मारलं. मी जिन्यावर होतो. वास आला आणि पुढचं मला नीट आठवत नाही. मी एसटी स्टँडच्या बाकावर बसलेलो होतो, पायात चप्पल नव्हती, आणि डावा हात उजवा खांदा पुसत होता. सलीम मला शोधत आला. शेजारी बसला, दोन चहा सांगितले आणि म्हणाला, "अबे, खांद्यावर काही नाही आहे. मी पाह्यलं. आता चहा पी."

चार दिवसांनी तोच मला समुपदेशनाच्या मॅडमकडं घेऊन गेला. आमच्या कॉलेजात आठवड्यातून एकदा त्या येतात. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेशेजारी एक लहान खोली आहे, तिथं बसतात. मी दारातून परत फिरत होतो. सलीम म्हणाला, "चल ना, मॅडम खाऊन टाकत नाही. मी बाहेरच उभा आहे, ओरडला तर येतो."

मॅडमनी सांगितलं की काही आठवणी मनात नीट ठेवल्या जात नाहीत. त्या जुन्या होत नाहीत. वास आला, आवाज आला की जशाच्या तशा परत येतात, आज घडत असल्यासारख्या. त्यांच्यासाठी डोळ्यांच्या हालचालींचा एक उपचार असतो. आठवण मनात धरायची आणि डोळ्यांनी त्यांच्या बोटांमागं जायचं. असं का होतं, डोळे हलवल्यानं मनातलं का हलतं, हे अजून पूर्ण कुणाला सांगता येत नाही, असंही त्या मोकळेपणानं म्हणाल्या. मला त्यांचं ते 'सांगता येत नाही' फार आवडलं. मला आयुष्यात एकदा तरी ते तीन शब्द म्हणता यायला हवे होते.

घरी फोनवर मी आईला सांगितलं की डोळ्यांचा इलाज चालू आहे. आई म्हणाली, इतकं वाचत नको जाऊ रे, चष्मा लागला तर? मी हो म्हटलं. इथंही खरं सांगितलं नाही.

पहिले काही आठवडे नुसतं बोलणं झालं. त्यांनी मला एक सुखाची जागा ठरवायला सांगितली, मन भरून आलं तर परत यायला. मी आमच्या गावचा बसथांबा सांगितला, बस नसतानाचा. त्या हसल्या नाहीत. मग एके दिवशी म्हणाल्या, सगळ्यात वाईट चित्र कोणतं? मी सांगितलं, काकांचं डोकं माझ्या खांद्यावर. शून्य ते दहामध्ये त्रास किती? मी म्हटलं, नऊ. शरीरात कुठं? मी खांदा दाखवला. सहन नाही झालं तर हात वर करायचा, मी थांबते, असं त्यांनी सांगितलं. आणि दोन बोटं माझ्या चेहऱ्यासमोर धरून इकडून तिकडं नेऊ लागल्या. अर्ध्या मिनिटानं थांबायच्या. श्वास घे. आता काय आलं? जे आलं ते मी दोन शब्दांत सांगायचो. त्या म्हणायच्या, येऊ दे; हाकलू नको, धरूनही ठेवू नको. परत बोटं.

नऊचे सात झाले. सातवर अडकले. पुढच्या खेपेला परत सात. मॅडम म्हणाल्या, काहीतरी वाटेत आहे. मी म्हटलं, काही नाही.

मी त्यांनाही सांगितलं नव्हतं. भीती सगळी सांगितली होती, लाळ, घाम, बाहुल्या. कागद सांगितला नव्हता. ज्या खोलीत काहीही बोललं तरी चालतं तिथंही मी स्वतःला चांगलाच दाखवत होतो, ज्याच्या डोळ्यांदेखत एका माणसाला विषबाधा झाली असा बिचारा मुलगा.

तिसऱ्या खेपेला बोटं डावीकडून उजवीकडं गेली, माझे डोळे गेले, परत डावीकडून उजवीकडं. आणि मला एकाएकी कळलं की हे मी आधी केलेलं आहे. हीच हालचाल. धुऱ्यावर, कागद समोर धरून, पूजाच्या समोर. समोरची बोटं दिसेनाशी झाली, मला ओळी दिसू लागल्या, काळ्या, मुंग्यांसारख्या, न कळणाऱ्या. मी हात वर केला. मॅडम थांबल्या.

मग सांगितलं. किती वेळ लागला माहीत नाही. सांगताना त्यांच्याकडं बघवत नव्हतं. भिंतीवर पानांच्या शिरांचा एक तक्ता होता, त्याच्याकडं बघत बोललो. संपलं तेव्हा त्या उठल्या. पाण्याचा ग्लास पुढं केला. मग म्हणाल्या, "सतरा वर्षांच्या मुलाच्या एका शब्दावर मोठी माणसं का थांबली होती, तेही कधी बघू. पण आज नाही. आज तू जे बघितलंस तेच बघू."

पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत ते चित्र जुनं होत गेलं. आहे, पण चार वर्षांपूर्वीचं आहे. खांदा हलका झाला. रात्री झोप लागू लागली. सलीमच्या पिशवीत अब्बांनी दिलेले पंपाचे वॉशर निघाले तर मी ते हातात घेऊन बघितले. पण शेवटच्या दिवसांत मला बरं व्हायचीच भीती वाटू लागली. भीती गेली तर त्या दुपारशी माझं नातं काय राहील? काकांचा हात थरथरत राहणार आणि मी मात्र खिडकी उघडी ठेवून प्रवास करणार? मॅडमना हे बोललो. त्या म्हणाल्या, "भीती कमी करायला मी मदत करू शकते. ती कमी झाल्यावर जे उरलं आहे ते आजार असेलच असं नाही. ते कुणाचं तरी देणं असू शकेल. ते तू बघ."

तो कागद माझ्याकडं अजून आहे. त्या दिवशी रुबाबात खिशात घातलेला. धुवायच्या आधी आईनं शर्टातून काढून ठेवला होता, मी तो कंपासपेटीत लपवला. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी तो दोन्ही बाजूंनी वाचला. स्पष्ट लिहिलं आहे की दुसऱ्या औषधात मिसळू नये. हिंदीतही लिहिलं आहे. काकांना जे झालं ते नक्की कशानं झालं, मिसळल्यानं, वाऱ्यानं, खर्ऱ्यानं की सगळ्यानं मिळून, हे मला आजही ठाऊक नाही. कुणालाच नसेल. पण काकांनी एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर माझ्या हातात होतं, आणि मी ते दिलं नाही.

जूनमध्ये, पेरणीच्या आधी, घरी गेलो. बाबा धुऱ्यावरची काट्याकुट्याची सफाई करत होते, तिथं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली नाही. बराच वेळ फांद्या तोडत राहिले. मग म्हणाले, "आता सांगून काय फायदा? तो माणूस विसरला आहे. एकात टाकायची घाई तं माहीच होती." थोड्या वेळानं परत म्हणाले, "सांगशील तं माह्यंही नाव सांग."

मी काकांच्या घरासमोरून तीन वेळा गेलो. ते शेळ्यांना पाला घालत होते. तिसऱ्या वेळी म्हणाले, "मास्तर, काही हरवलं का?" मी म्हटलं, नाही काका. खिशात चिठ्ठी होती, दोन पानी, रात्री लिहिलेली. समोर बोलायला जमणार नाही म्हणून लिहिलेली. लिहून झाल्यावर लक्षात आलं की काकांना ती वाचता येणार नाही, परत कुणाच्या तरी डोळ्यांवर त्यांना भरवसा ठेवावा लागणार. परतीच्या दिवशी बसथांब्यावर पूजा भेटली. राळेगावला शिवणाच्या वर्गाला निघाली होती. बारावीनंतर तिचं शिक्षण थांबलं, काकांचं काम गेल्यामुळं. मी चिठ्ठी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, काकांना वाचून दाखव. पूर्ण वाच. मग तिच्या शेजारी बसायचं धाडस झालं नाही. ती पुढं बसली, मी मागं.

जून गेला. जुलै गेला. गावाहून काही नाही. आईच्या फोनमध्ये पाऊस, पऱ्हाटीचं पीक, म्हशीचं दूध. मी विचारायचो, देविदासकाका कसे आहेत? आई म्हणायची, आहेत बाप्पा, तुझी आठवण काढतात, मास्तर लय दूर गेला म्हणतात. म्हणजे काय समजायचं? चिठ्ठी ऐकून माणूस आठवण काढतो का? मॅडमकडं आता मी महिन्यातून एकदा जातो. त्यांनी विचारलं, काही कळलं? मी मान हलवली. सलीम म्हणाला, डाक हरवते बे, पण हातात दिलेली चिठ्ठी कशी हरवेल. मलाही तेच कळत नव्हतं.

म्हणून गेल्या रविवारी त्या एसटीत बसलो होतो, खिडकी उघडी ठेवून. राळेगावला उतरलो. तिथून गावाची बस लागलेली होती. बसलो नाही. स्टँडवर दोन तास बसून परत यवतमाळच्या गाडीत चढलो. वास सहन होतो, काकांचं तोंड बघणं होत नाही. एवढाच मी बरा झालो आहे.

हे सगळं मी इथपर्यंत परवा लिहिलं होतं. पुढं काय लिहावं हे सुचत नव्हतं. आज सकाळी पूजाचा फोन आला. पहिल्यांदाच आला.

तिनं कसा आहेस वगैरे विचारलं नाही. म्हणाली, "तुही चिठ्ठी म्या जूनमध्येच वाचली बाबाले. पण तुह्यासारखी वाचली." मला कळेना. ती म्हणाली, "डोळे फिरवले चिठ्ठीवरून आन् सांगितलं, मास्तर बरा आहे, तुमाले नमस्कार लिहिला. बाबा खूश झाले. मंग रोज तेच म्हणून राह्यले, मास्तरनं माह्यासाठी दोन पानं लिहिली."

मी का म्हणून विचारलं नाही. तीच बोलत होती, सावकाश, शिवताना टाका मोजत बोलावं तसं. त्या दिवशी धुऱ्यावर मीही होते, म्हणाली. मागच्या बाजूचं हिंदी तिला उभ्या जागेवरून दिसत होतं. मी खोटं वाचतो आहे हे तिला तेव्हाच समजलं होतं, माझे डोळे फार लवकर खाली येत होते. तिला प्रश्न पडला, सगळ्यांसमोर माझं हसू करावं की नाही. तिनं केलं नाही. डबा ठेवला आणि गेली. चिठ्ठी पूर्ण वाचायची तर त्यात स्वतःचं गप्प राहणंही वाचावं लागलं असतं, जे मी लिहिलेलंच नव्हतं.

"काल वाचली," ती म्हणाली. "तुही पूर्ण. आन् माहीबी सांगितली."

मी विचारलं, काका काय म्हणाले?

काका परत एकदा वाच म्हणाले. तिनं परत वाचली. मग ते उठून शेळ्यांकडं गेले, अंधार पडेपर्यंत तिथंच बसले. आज सकाळी काकूंना म्हणाले, खर्रा आण. काकूंनी डोक्याला हात लावला. काका म्हणाले, "चार वर्षं माह्या तोंडाले कुलूप कायले लावलं मंग?" काकूंनी नाही आणला. मग काकांनीच शेजारच्या पोराकडून मागवला, आणि आता हात थरथरतो तर त्यांना घोटता येत नाही, सगळी सुपारी मांडीवर सांडली.

"मी घोटून देऊन राह्यली," पूजा म्हणाली. मग कोरडेपणानं म्हणाली, "तू सध्या येऊ नको. माह्या मनात राग आहे. तुह्यावरही आन् माह्यावरही."

मी बरं म्हटलं. फोन ठेवणार होतो. मागून काकांचा आवाज आला, खर्ऱ्यानं भरलेल्या तोंडाचा, चार वर्षांत ऐकला नव्हता तसा. पूजानं फोन त्यांच्याकडं धरला असावा.

"मास्तर," काका म्हणाले. "थो कागद आहे म्हंतं तुह्यापाशी."

हाव काका, मी म्हटलं.

"वाच मंग. अजून काय काय लिहिलं होतं, सगळं वाच. घाई नाई."

मी कंपासपेटी उघडली. घड्या फाटायला आल्या होत्या. हिंदीची बाजू वर केली, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागलो.